टचस्क्रीन आणि अ‍ॅडास: काय चालू ठेवावे, काय बंद करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नुकतीच लेव्हल 2 अ‍ॅडास (कॅमेरा-रडारच्या मदतीने इशारे देणारी आणि गरजेनुसार स्वतः ब्रेक-स्टिअरिंग सांभाळणारी चालक-सहाय्य यंत्रणा) असलेली मध्यम आकाराची एसयूव्ही आली आहे. शोरूममध्ये हार घालून, नारळ फोडून आणि फोटो काढून झाल्यावर स्क्रीनवरचे सगळे मेनू भराभर दाखवण्यात आले आणि किल्ली हातात पडली. त्यातले फारसे लक्षात राहिले नाही, हे ओघाने आलेच.

माझा नेहमीचा प्रवास सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा आणि खंबाटकी घाट करत पुण्यापर्यंत असतो. सहापदरीकरणाच्या कामामुळे महामार्ग जागोजागी वळवलेला आहे. जुने पांढरे पट्टे नीट पुसलेले नाहीत, नवे पट्टे तिरके आखलेले आहेत आणि अशा ठिकाणी गाडीला लेनमध्ये राखणारी लेन कीप असिस्ट स्टिअरिंगला भलत्याच बाजूला ओढ देते. गावात शिरल्यावर समोरून एखादी दुचाकी आडवी गेली की लाल दिवा आणि कर्कश आवाज, महामार्गावर वेग 80 च्या वर गेला की वेगळीच टिकटिक. एसीचे तापमान बदलायलाही स्क्रीनवर बोट फिरवावे लागते. वैतागून मी सगळे बंद करतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की त्यातले बरेचसे आपोआप चालू झालेले असते. जाणकारांनी कृपया सांगावे की, यातले काय कायम चालू ठेवावे, काय रस्ता पाहून वापरावे आणि स्क्रीनशी झटापट कशी कमी करावी?

घाटवाट

नमस्कार. मी स्क्रीनपुरते सांगतो, कारण अ‍ॅडासइतकेच तिचेही सुरक्षेशी नाते आहे. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते, म्हणजे आपण दोन सेकंद मेनूत डोकावलात तर पंचावन्न मीटर रस्ता न पाहताच मागे गेला. 2022 मध्ये एका स्वीडिश वाहन-नियतकालिकाने ताशी 110 किलोमीटर वेगाने हीच गोष्ट मोजली होती. तापमान वाढवणे, रेडिओचे केंद्र लावणे, ट्रिप मीटर शून्यावर आणणे अशी चार प्रकारची कामे 2005 च्या बटणांच्या जुन्या व्होल्वोत 10 सेकंदांत उरकली आणि तेवढ्यात गाडी 306 मीटर गेली. चाचणीतल्या सर्वांत वाईट टचस्क्रीनवाल्या गाडीला त्याच कामांना जवळपास 45 सेकंद लागले आणि ती 1372 मीटर गेली. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरो एनसीएपी या युरोपीय संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, वायपर, हॉर्न यांसाठी प्रत्यक्ष बटणे किंवा दांड्या असण्याला गुणांत महत्त्व दिले, त्याचे कारण हेच आहे. सगळी बटणे काढून गुळगुळीत काच बसवणे दिसायला छान आणि बनवायला स्वस्त असते, चालवणाऱ्याच्या सोयीचे ते असतेच असे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उपाय. एक दिवस गाडी पार्किंगमध्ये उभी करून, मॅन्युअल मांडीवर घेऊन अर्धा तास द्यावा. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर किंवा स्क्रीनखाली एक चांदणीचे बटण असते. आपल्याला सर्वाधिक लागणारे काम, उदाहरणार्थ 360 अंश कॅमेरा, त्यावर बसवून घ्यावे. एसी ऑटोवर ठेवून 24 अंशांवर सोडून द्यावा, म्हणजे पंख्याच्या वेगाशी खेळत बसावे लागत नाही. मधूनच बदल हवा असेल तर स्टिअरिंगवरचे माइकचे बटण दाबून तोंडी आज्ञा द्यावी. आपले मराठी वळणाचे इंग्रजी ती यंत्रणा चांगल्यापैकी समजून घेते, फक्त वाक्य मोजके हवे. रात्री स्क्रीनचा उजेड कमी करून गडद थीम लावावी, नाहीतर समोरच्या काळोख्या रस्त्यापेक्षा नकाशाच जास्त उजळ दिसतो आणि डोळ्यांना रस्त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

अँड्रॉइड ऑटोवरचा नकाशा फोनच्याच इंटरनेटवर चालतो, गाडीच्या सिमवर नव्हे. त्यामुळे ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जाण्याआधी त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून ठेवावा. वायरलेस जोडणीत फोन फार तापत असेल तर केबल वापरावी, मात्र ती डेटा जाणारी असावी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर अँड्रॉइड ऑटो सुरूच होत नाही आणि लोक स्क्रीनला दोष देत बसतात.

राहिली 80 ची टिकटिक. तिचा अ‍ॅडासशी संबंध नाही. 1 जुलै 2019 पासून तयार झालेल्या प्रवासी गाड्यांत 80 च्या वर मधूनमधून आणि 120 च्या वर सतत वाजणारी सूचना नियमानेच आहे. ती बंद करण्याचा पर्याय मेनूत शोधण्यात वेळ घालवू नये.

दख्खनी

अ‍ॅडासमध्ये दोन जाती आहेत, हे आधी मनात वेगळे करावे. एक फक्त सूचना देणारी: समोरच्या धडकेचा इशारा, लेन सुटल्याचा इशारा, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाचा) आरशातला दिवा, मागे घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा. दुसरी प्रत्यक्ष ब्रेक, स्टिअरिंग किंवा अ‍ॅक्सिलरेटरला हात घालणारी: स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक, लेन कीप असिस्ट आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (ठरवून दिलेला वेग पुढच्या गाडीनुसार आपोआप कमी-जास्त करणारी). सूचना देणारी जात कायम चालू ठेवावी, फक्त तिचा आवाज आणि संवेदनशीलता कमी करावी. समोरच्या धडकेच्या इशाऱ्याला बहुधा लवकर, मध्यम आणि उशिरा असे पर्याय असतात; आपल्या रहदारीत ‘उशिरा’ ठेवल्यास आरडाओरडा बराच कमी होतो आणि ब्रेकची मदत मात्र शाबूत राहते.

लेन कीप असिस्ट पांढऱ्या पट्ट्यांवर जगते. कॅमेऱ्याला जुना पट्टा आणि नवा पट्टा यांतला खरा कोणता, हे कळत नाही. जो ठळक दिसतो तो खरा. म्हणून सातारा-कागल टप्प्यावर काम चालू असलेल्या भागात ती सरळ बंद करावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या घाटाबाहेरच्या भागात किंवा समृद्धी महामार्गावर, जिथे पट्टे स्वच्छ आणि सलग आहेत, तिथे ती उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट: इंडिकेटर दिल्यावर ती यंत्रणा स्टिअरिंग मोकळे सोडते. इंडिकेटर न देता लेन बदलण्याची सवय असेल तर गाडी प्रत्येक वेळी विरोध करणार आणि त्यात चूक गाडीची नसते.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझमध्ये पुढच्या गाडीपासूनचे अंतर सेकंदांच्या हिशेबात ठरते. ताशी 80 वेगाने दोन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे 44 मीटर. एवढी मोकळी जागा दिसली की आपल्याकडे कोणीतरी त्यात घुसणारच, मग आपली गाडी पुन्हा मागे राहते, पुन्हा कोणी घुसते. तरीही सर्वांत कमी अंतराची पट्टी निवडू नये. मधली पट्टी ठेवून घुसणाऱ्यांना घुसू द्यावे. पुण्याला दहा मिनिटे उशिरा पोचलात तर काही बिघडत नाही.

सांगली भागासाठी सर्वांत महत्त्वाचे. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि कित्येकदा पंक्चर झालेली ट्रॉली डाव्या लेनमध्ये दगड लावून तशीच उभी. चालत्या वाहनाच्या मागे राहण्यात क्रूझ हुशार असते, पण बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले असते की, जास्त वेगात समोर स्थिर उभ्या असलेल्या वाहनाला ती प्रतिसाद देईलच असे नाही. ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारा ऊस कॅमेऱ्याला वाहनासारखा दिसतही नाही. स्पीडब्रेकर आणि खड्डे तर आपल्याकडच्या बहुतेक यंत्रणांच्या हिशेबातच नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री त्या रस्त्यांवर क्रूझ लावूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

नारायणपेठी

सर्व उपदेश मान्य, तरी एक मतभेद नोंदवतो. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर गाडी घातल्यास स्वयंचलित ब्रेकही बंद करावा. चारी बाजूंनी माणसे आणि दुचाक्या असताना गाडीने अचानक ब्रेक मारला तर मागचा आपल्या डिकीत येतो. (गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालावीच का, हा प्रश्न मी जाणूनबुजून बाजूला ठेवत आहे.)

दख्खनी

नारायणपेठी, गर्दीत पायी वेगाने सरकताना मागून बसणारा धक्का फार तर बंपरपुरता असतो. पुढे पोर आले तर तसे म्हणता येणार नाही. शिवाय गर्दीसाठी म्हणून बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू करायचे लक्षात राहीलच, याचा भरवसा कोण देणार? गाडी सुरू होताना ती आपोआप चालू होते, ते याच कारणासाठी. मागचा फार चिकटून येत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे.

पानापकड

मी वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून कोणी फारसे न बोललेल्या बाजूबद्दल लिहितो. ‘अ‍ॅडास चुकीचे वागते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा यंत्रणेत दोष नसतो, तिचे डोळे झाकलेले असतात. कॅमेरा आतल्या आरशामागे काचेला लागून असतो आणि फास्टॅगही नेमका तिथेच चिकटवण्याची पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या समोरचा काचेचा भाग मोकळा राहील, असा फास्टॅग बाजूला घ्यावा. रडार पुढच्या बंपरच्या मधोमध किंवा लोगोमागे असते. तिथे लिंबू-मिरची बांधू नये. श्रद्धा असेल तर एका कडेला बांधावी, तिथेही नजर लागत नाही. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या बंपरवर लाल चिखलाचा थर बसला की स्क्रीनवर ‘रडार झाकले आहे’ असा संदेश येतो. ओल्या फडक्याने पुसले की बहुधा तो जातो. मागच्या कॅमेऱ्याचेही तेच. पुढे लोखंडी बुल गार्ड बसवू नये. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्याचे राज्यांना कळवले आहे, एअरबॅगच्या सेन्सरलाही त्याचा अडथळा होतो आणि रडारचे तर तोंडच बंद होते.

समोरची काच खडीने तडकली आणि बदलावी लागली, तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्याचा कोन पुन्हा अचूक जुळवणे) करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. कॅमेऱ्याचा कोन अर्ध्या अंशाने जरी फिरला तरी 50 मीटरवर जवळपास 45 सेंटीमीटरचा फरक पडतो. विम्याच्या अंदाजपत्रकात काच आणि मजुरीबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च आधीच लिहून घ्यावा, नंतर वाद होतो. बंपर उतरवून रंगवला असेल तर रडारचीही तपासणी मागावी. व्हील अलाइनमेंट बिघडलेली असेल तर गाडी आधीच एका बाजूला जाते, आणि दोष लेन असिस्टच्या माथी येतो. तेव्हा आधी अलाइनमेंट तपासावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फास्टॅग पाहिला, तो खरोखरच कॅमेऱ्याच्या अगदी खाली आहे. दोन शंका उरल्या. लेन असिस्ट दर वेळी मेनूत जाऊन बंद करावे लागते, त्याला दुसरा मार्ग आहे का? आणि खंबाटकी घाटात क्रूझ वापरावी का? तिथे ट्रकमागे सतत ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर करून पाय भरून येतो.

दख्खनी

स्टिअरिंगवर किंवा त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लेनचे चित्र असलेले बटण आहे का, ते पाहावे; कित्येक गाड्यांत ते जरा वेळ दाबून धरले की लेन असिस्ट बंद होते आणि मेनूत जावे लागत नाही. तसे बटण नसेल तर घाटवाट यांनी सांगितलेल्या चांदणीच्या बटणावर हे काम बसते का, ते तपासावे. मात्र ईएससी बंद करण्याच्या बटणाला हात लावू नये. ते घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचे बटण आहे, आणि ते बंद केल्यावर बऱ्याच गाड्यांत अ‍ॅडासचाही बराचसा भाग बंद पडतो.

घाटात मात्र क्रूझ नको. वळणावर पुढचा ट्रक रडारच्या सरळ रेषेतून बाजूला जातो, गाडीला वाटते की रस्ता मोकळा झाला आणि ती आधी ठरवून दिलेला वेग गाठायला धावते. आपण 80 वर क्रूझ लावून 30 ने ट्रकमागे चालला असाल तर ऐन वळणात गाडी जोर धरते. आणि वळण संपता संपता ट्रक पुन्हा समोर दिसला की जोरात ब्रेक. घाट लागण्याआधीच क्रूझ बंद करावी आणि उतारावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ब्रेकवर उतरावे. पाय तेवढ्यानेच पुष्कळ मोकळा राहतो.