अलंकार पाठ आहेत, पण ओळखता येत नाहीत. काय वाचावं?

वाचनवेडी: मुलगी दहावीला आहे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत, पण नवी ओळ समोर आली की ती 'जणू' शोधते आणि नाही सापडला की अडते. पुस्तक, पद्धत, काहीही सुचवा.

मोगरा: मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण व लेखन' घ्या. स्पर्धा परीक्षांची मुलंही तेच वापरतात.

जुना मास्तर: वाळंबे हवेतच. पण ताई, आधी दोन शब्द पक्के करून घ्या. ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान. मग एकच जोडी धरून त्यांचं नातं बदलत न्या. भाकरी आणि चंद्र घेऊ. 'भाकरी चंद्रासारखी गोल': दोघं वेगळे, पण सारखे, म्हणून उपमा. 'भाकरी जणू चंद्रच': भाकरी म्हणजे चंद्रच असावा अशी कल्पना केली, म्हणून उत्प्रेक्षा. 'भाकरीचा चंद्र तव्यावर उगवला': आता दोघं एकच झाले, म्हणजे रूपक. 'ही भाकरी नव्हे, चंद्रच': उपमेयच नाकारलं, ही अपन्हुती. 'चंद्राला डाग, भाकरी त्याहून देखणी': व्यतिरेक. आणि उपमानच मिळेना, 'भाकरी भाकरीसारखीच', तर अनन्वय. सहाही वाक्यं मुलीला स्वतःच्या जोडीवर रचू द्या. रचता आली की ओळखता येतातच.

मग बहिणाबाईंची ओळ द्या: 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. 'जणू' नाही, 'सारखं' नाही. मन हेच ढोर, म्हणून रूपक. 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर' इथपर्यंत ते रूपक कसं चालत राहतं, तेही तिला दाखवा. परीक्षेत याला गुण नसतील, पण कविता इथेच कळते.

वाचनवेडी: हे फारच उपयोगी आहे, सर! दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांतही तिचा गोंधळ होतो.

जुना मास्तर: दृष्टान्तात एक गोष्ट पटवायला तशीच दुसरी समोर ठेवतात. तुकोबा लहानपण मागतात आणि लगेच मुंगीला साखरेचा रवा, ऐरावताला अंकुशाचा मार दाखवतात. अर्थान्तरन्यासात एका प्रसंगावरून सर्वांना लागू पडणारा सिद्धान्त काढतात, किंवा सिद्धान्त आधी सांगून प्रसंगाचा आधार देतात. तेव्हा तिला एवढंच विचारायला सांगा: ओळीत सगळ्या जगाला लागू होणारं विधान आहे का?

मोगरा: यमक, अनुप्रास मोठ्याने वाचूनच शिकवा. ते कानाचे अलंकार आहेत.