मदत हवी आहे: जुन्या ओ गेज खेळण्यातल्या आगगाडीची शिट्टी, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) बदलू का?

तीन रुळांची, १९५० च्या दशकातली गाडी. टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळशाचा डबा) लायनेल या खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीच्या पद्धतीची हवेची शिट्टी: छोटी मोटर, पंखा आणि रिले (विजेने ओढला जाणारा स्विच). रुळात १८ व्होल्टपर्यंत एसी असतो. ट्रान्सफॉर्मरवरची शिट्टीची दांडी दाबली की तो त्यात थोडा डीसी मिसळतो आणि रिले ओढला जातो.

लक्षण असं: दांडी दाबली की गाडीचा वेग किंचित वाढतो, रिले नुसता गुणगुणतो, शिट्टी नाही.

तपासून झालेलं: मोटरला थेट १२ व्होल्ट एसी दिला तर शिट्टी खणखणीत. कम्युटेटर (ब्रश टेकतात तो मोटरचा फिरता भाग) स्पिरिटने पुसला, ब्रश ठीक, पेटीचं गॅस्केटही शाबूत. टेंडर रुळावर ठेवून नुसता डीसी दिला तर रिले टक्कन ओढतो. दांडी दाबून रुळावर मोजलं तर डीसी जवळपास शून्य. म्हणजे दोष ट्रान्सफॉर्मरमधल्या रेक्टिफायर चकतीचा, आणि ती शॉर्ट झालेली. ओपन (आतून तुटलेली) असती तर गाडी थांबली असती.

आता प्रश्न. चकतीऐवजी स्टडचा सिलिकॉन डायोड बसवायचाय. गाडीचा सगळा करंट त्यातूनच जाणार, म्हणून १० अँपिअरच्या खालचा नकोच. पण दांडीच्या दुसऱ्या टप्प्यात डायोडला समांतर येणारी रेझिस्टन्स वायर तशीच चालते, की होल्डिंगचा (रिले ओढलेला ठेवणारा) डीसी बदलतो? कोणी मोजलाय का? शिवाय दिशा: जुन्या रिलेला फरक पडत नाही, पण त्याच रुळावर नवं इंजिनही चालतं. डायोड उलटा बसला तर त्यात शिट्टीऐवजी घंटा वाजेल. कॅथोड (डायोडमधून करंट बाहेर पडतो ते टोक) कुठल्या बाजूला ठेवलात?

(वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, मध्ये व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आहे.)