लतादीदी मध्य प्रदेशच्या, पण आशाताई नाहीत

मध्य प्रदेशात जन्मलेल्या प्रसिद्ध लोकांची एक यादी इथे कुणीतरी दिलीय, तिच्यात लतादीदी आणि आशाताई दोघींना टाकलंय, तर तसं नाहीये. लतादीदी इंदूरच्या (१९२९), आशाताई आपल्या सांगलीच्या (१९३३). किशोर कुमारचं पण तेच, तो खांडव्याचा पण थोरले अशोक कुमार भागलपूरचे म्हणजे बिहार. भावंडं आहेत म्हणून एकगठ्ठा टाकू नका राव!

बाबासाहेब महूचे हे बरोबर आहे, १४ एप्रिल १८९१, वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार आणि तेव्हा महूच्या छावणीत होते म्हणून जन्म तिकडे, मूळ गाव मात्र कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. आणि द्रविडला कसे काय विसरलात, तोही इंदूरचा, १९७३ चा, वाढला आणि खेळला बंगळुरात, घरात मराठी, त्यामुळे तीन राज्यं त्याच्यावर हक्क सांगतात 😀

तसं काटेकोर बघायचं तर आत्ताचं मध्य प्रदेश १९५६ ला झालं, दीदींच्या जन्माच्या वेळी इंदूर होळकरांचं संस्थान होतं, पण एवढा कीस काढला तर यादीत द्रविडच उरेल. जॉनी वॉकर पण अ‍ॅड करा, इंदूरचाच, सिनेमात यायच्या आधी मुंबईत बेस्टमध्ये कंडक्टर होता.