मदत हवी आहे : कुर्डुवाडी जंक्शनला गाडी बदलण्याबद्दल

नमस्कार मंडळी, आईला घेऊन सोलापूरहून पंढरपूरला ट्रेननेच जायचंय, म्हणजे कुर्डुवाडीला उतरून मिरजेकडची गाडी धरायची. एसटी सरळ जाते माहितीये, पण तिचे गुडघे दुखतात आणि बसमध्ये पाय लांब करता येत नाहीत. शिवाय बार्शी लाइट रेल्वेच्या त्या छोट्या गाडीतून (१८९७ ची लाइन, रूळ फक्त अडीच फुटांचे) ती लहानपणी पंढरपूरला जायची, त्यामुळे याच मार्गाने जायची तिची फार इच्छा आहे.

तिथे प्लॅटफॉर्म बदलायला लिफ्ट किंवा रॅम्प आहे का, की जिनाच चढावा लागतो? व्हीलचेअर कुणाकडे मागायची? आणि दोन्ही रिझर्व्हेशनचे पीएनआर लिंक केले, पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली, तर रिफंडसाठी टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) कुठे भरायचा? हल्ली गेलेल्यांनी प्लीज सांगा.