‘बी समरी’ची नोटीस आली, फिर्यादीने काय करावे?

प्रथमवर्ग: फसवणुकीच्या गुन्ह्यात पोलिसांनी कोर्टात ‘बी समरी’ (फिर्याद खोटी ठरवून तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवली आहे. दोन महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाबच नोंदवलेले नाहीत. फिर्यादीला कोर्टाची नोटीस आली आहे. वरिष्ठांकडे अर्ज करावा की कोर्टातच लढावे? सरकारी वकील पोलिसांचीच री ओढतील का?

नक्कलअर्ज: आधी कोर्ट. वरिष्ठांकडचा अर्ज टेबलाटेबलांवर फिरतो, तोवर समरी मंजूर होऊन जाते. फिर्यादीला ऐकल्याशिवाय असा अहवाल स्वीकारायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात ठरवून दिले आहे. तारखेला हजर राहा, म्हणणे मांडायला मुदत मागा आणि अहवाल व जबाबांच्या नकलांसाठी अर्ज द्या.

‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली तक्रार. ‘बी’ मात्र फिर्याद खोटी आणि आकसाने दिलेली आहे असे म्हणते. ती मंजूर झाली तर फिर्यादीवरच भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली कारवाई होऊ शकते. म्हणून इथे गप्प बसणे धोक्याचे.

बहुतेक प्रोटेस्ट पिटिशन (समरीला विरोध करणारे फिर्यादीचे अर्ज) पडतात, कारण त्यांत ‘पोलीस आरोपीला सामील आहेत’ यापलीकडे काही नसते. कोणत्या साक्षीदाराला काय माहीत आहे, बँकेकडून कोणत्या तारखांचे उतारे मागवले नाहीत, हे एकेक करून लिहा. ‘दोषारोपपत्र दाखल करायला लावा’ अशी मागणी करू नका. दंडाधिकारी तसा आदेश देऊच शकत नाहीत. मुख्य मागणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) नुसार पुढील तपासाची ठेवा. पर्यायी मागणी, हाच अर्ज कलम २२३ खाली खाजगी फिर्याद म्हणून घ्यावा, अशी. त्यासाठी गुन्ह्याचे सगळे घटक, साक्षीदारांची यादी आणि कागदपत्रे त्यातच हवीत. दखल घेण्याआधी आरोपीलाही ऐकले जाते, तेवढा वेळ धरून चला.

सहायक_अभियोक्ता: सरकारी वकील पोलीस खात्याचे नोकर नाहीत. शहाणे प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अभियोक्त्यांचे (सरकारी वकिलांचे) संवर्ग पोलीस खात्यापासून वेगळे करायला सांगितले. प्रोटेस्टची प्रत त्यांना आधीच द्या. कागद हातात नसेल तर ते अहवालावरच बोलणार. पुढे सरकारने खटला मागे घ्यायचे ठरवले, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली कोर्टाची संमती लागते आणि पीडिताला म्हणणे मांडू द्यावेच लागते.

ठाणेअंमलदार: अधिकाऱ्याने पैसे मागितले किंवा कोणाला बेकायदा डांबले असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार करा. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने ठेवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल आहे. तंत्र तोकडे असेल तिथेही किमान वर्षभर. तारीख आणि वेळ नमूद करून ते जतन करण्याचा लेखी अर्ज लगेच द्या, पोच घ्या. ‘चित्रण शिल्लक नाही’ असे उत्तर आलेच, तर ती पोच कोर्टापुढे ठेवता येते.