एडिनबर्गच्या जुन्या ऑयस्टर बारमध्ये पाच जणांचं जेवण: काय मागवावं, काय टाळावं?

मांडवीकर:
मंडळी, नमस्कार. जुलैत मुलाचा पदवीदान समारंभ एडिनबर्गला आहे. त्या आठवड्यात एक संध्याकाळ तिथल्या ‘कॅफे रॉयल’ या जुन्या ऑयस्टर बारमध्ये जेवायचं ठरतंय. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, मुलगा (२३), आई (७४, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही) आणि मेहुणा, ज्याच्या अंगावर कोळंबी खाल्ली की पित्त उठतं. वडोदऱ्यात आमची मजल पापलेट, सुरमई, कोळंबी एवढीच. कालवं (ऑयस्टर) कधी पानात आलेली नाहीत. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बारमध्ये बसायची, मागवायची रीतही ठाऊक नाही. बसायचं कुठे, कालवं मागवायची किती आणि खायची कशी, आईसाठी काय, मेहुण्याने काय टाळायचं आणि बिलावर काय ठेवायचं, हे कुणी नीट सांगेल का?

रजिस्टर_गल्ली:
जागा वेस्ट रजिस्टर स्ट्रीटवर आहे, वेव्हर्ली स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. एकाच इमारतीत दोन निराळे भाग आहेत आणि नवखे लोक इथेच गोंधळतात. सर्कल बार हा नुसता पब. मधोमध काउंटर, भोवती बसायच्या जागा, आरक्षण लागत नाही. ऑयस्टर बार म्हणजे बसून जेवायचा भाग. तिथे टेबल आधीच धरून ठेवायला हवं. पदवीदानाच्या आठवड्यात गावातलं प्रत्येक चांगलं टेबल जातं, त्यामुळे तारीख कळली की त्याच दिवशी पाच जणांसाठी नोंदवा. एक शाकाहारी आहे आणि एकाला कोळंबीचं वावडं आहे, हे त्या नोंदणीतच लिहा. पोचल्यावर सांगण्यापेक्षा स्वयंपाकघराला आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

ही इमारत १८६३ ची, आणि मुळात गॅसची व न्हाणीघराची उपकरणं दाखवून विकण्यासाठी बांधलेली. सर्कल बारच्या भिंतींवर डोल्टन कंपनीच्या चकाकत्या टाइलांवर रंगवलेली चित्रं आहेत, त्यांत जेम्स वॅट आणि मायकेल फॅरडे हे संशोधक आपापल्या उद्योगात गुंतलेले दिसतील. ऑयस्टर बारमध्ये रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, एकेका खिडकीत एकेका खेळाचा गडी. या काचा बाहेरून उजेड असतानाच खुलतात. जुलैत तिथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सातचं टेबल घेतलंत तर जेवण होईपर्यंत काचा पेटलेल्या दिसतील. अर्धा तास आधी पोचा, सर्कल बारमध्ये एकेक पेय घ्या, टाइला निवांत पाहा आणि मग आत जा.

कपड्यांची चिंता नको. समारंभाला घातलेले चालतील.

कालवं_आणि_लिंबू:
कालवांबद्दल सविस्तर लिहितो, कारण पहिल्यांदा खाणाऱ्याची निराशा बहुधा मागवण्यातच होते.

तिथे दोन जाती मिळतात. एक ‘नेटिव्ह’: चपटी, गोल, चवीला उग्र, शेवटी जिभेवर तांब्यासारखी चव ठेवणारी. दुसरी ‘रॉक’ किंवा ‘पॅसिफिक’: लांबट, खोलगट, खरबरीत शिंपल्याची, चवीला खारी-गोडसर. नेटिव्हचा मोसम साधारण सप्टेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात ती पिल्लं शिंपल्याच्या आतच वाढवते, मग मांस दुधाळ आणि किरकिरीत होतं. तेव्हा जुलैत तुम्हाला रॉकच मिळेल आणि पहिल्या वेळेला तीच बरी. आकार आकड्यात लिहिला असेल तर उलटा वाचा: आकडा लहान, कालव मोठं. नवख्याने ३ नंबर घ्यावा. १ नंबरचं तोंडभर होतं आणि तिथेच मन कच्चं होतं.

कालवं अर्धा डझन किंवा डझनाने येतात. तिघे खाणारे असाल तर अर्धा डझन, दोन-दोन वाट्याला. आवडली तर पुन्हा मागवता येतात. पहिल्या फटक्यात डझन मागवणं चुकीचं, कारण बर्फ वितळला की शेवटच्या कालवांची मजा गेली.

खाण्याची रीत अशी. ताट येतं ते बर्फाच्या चुऱ्यावर, खोलगट बाजू खाली. आतलं पाणी समुद्राचंच, ते सांडू देऊ नका, निम्मी चव त्यातच असते. छोट्या काट्याने मांस खालून सुटं आहे ना बघा. बहुतेक आधीच कापलेलं असतं, नसेल तर काट्याची कड खालून फिरवली की सुटतं. पहिलं कालव काहीही न घालता खा. शिंपल्याची रुंद कड ओठाला लावा, वाकवा आणि दोन-तीनदा चावा. अख्खं गिळलं तर नुसतं खारट पाणी गेल्यासारखं वाटतं, गोडवा चावल्यावरच येतो. दुसऱ्यावर लिंबाचे चार थेंब किंवा बारीक चिरलेल्या छोट्या कांद्याचं व्हिनेगर अर्धा चमचा. टबॅस्को हा तिखट सॉस असतोच, पण आपल्या तिखटाच्या सवयीने सढळ हात सोडू नका. स्कॉटलंडमध्ये आयला बेटावरच्या धुरकट व्हिस्कीचे दोन-चार थेंबही घालतात, पुन्हा मागवलीत तर तिसऱ्या कालवावर जरूर करून बघा. रिकामा शिंपला बर्फावर पालथा ठेवा. सोबत ब्राउन ब्रेड आणि लोणी येतं, तो घास मधेमधे घ्यायचा.

आतून सुकलेलं कालव किंवा वास मारणारं तोंडात घालू नका, वेटरला दाखवा, बदलून देतात. ताज्याला समुद्राच्या वाऱ्याइतकाच वास असतो.

आता धोका. ब्रिटनमध्ये कालवं अतिनील दिव्याने शुद्ध केलेल्या पाण्यात साधारण ४२ तास ठेवतात. त्याने जंतू बरेच जातात, पण नोरोव्हायरसची खात्री देता येत नाही. म्हणून यकृताचा आजार, मधुमेह, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर कच्ची नकोत. चीज किंवा ब्रेडचा चुरा घालून भाजलेली मिळाली तर तीही चांगली लागतात. आणखी एक: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री कच्ची कालवं खाऊ नका. नोरोव्हायरसचा त्रास बहुधा १२ ते ४८ तासांत सुरू होतो.

पानवाढप:
मेहुण्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ब्रिटनमध्ये १४ पदार्थांची अॅलर्जीची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात मासे, कवचवाले (कोळंबी, खेकडा, शेवंड) आणि शिंपलेवाले (कालवं, तिसऱ्या, माकूळ) असे तीन स्वतंत्र गट आहेत. कोळंबीचं वावडं असलेल्याला मासा बहुधा चालतो. कालवांचं मात्र सांगता येत नाही, कारण ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन दोन्ही गटांत असतं आणि शरीर तेच ओळखून चिडतं. परदेशात, पहिल्यांदाच, तेही कच्ची: मेहुण्यांनी कालवांच्या वाटेला जाऊच नये. सूप आणि सॉस यांची चौकशी करा, कारण शेवंडीच्या कवचांचा स्टॉक (उकळून काढलेला अर्क) कुठेही लपलेला असतो. तळणाचं तेल एकच आहे का, हेही विचारा.

मेहुण्यांसाठी कलन स्किंक हे सूप असेल तर विचारून घ्या. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा, दूध, बस. घट्ट आणि पोटभरीचं असतं, त्यावर मुख्य पदार्थ हलकाच घ्या. स्कॅलप हाही शिंपलेवालाच, तो मेहुण्यांनी टाळावा; बाकीच्यांनी मागवताना सांभाळा: त्याबरोबर ब्लॅक पुडिंगची चकती पुष्कळ ठिकाणी येते. ती रक्त, चरबी आणि ओट यांची असते. नको असेल तर आधीच सांगा.

आईंसाठी फक्त ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागणार नाही, तिथे त्यात अंडं धरलेलंच असतं. ‘नो एग’ वेगळं सांगा. मग हे चार प्रश्न विचारा: फ्राइज कशात तळता (काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात), सॉसमध्ये वूस्टर सॉस आहे का (त्यात अँकोव्ही मासा असतो), सूपचा स्टॉक भाजीचा आहे का, आणि गोडात जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं) आहे का. पर्मेजान चीजही चालणार नाही, त्याचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने घट्ट करतात. आइस्क्रीममध्ये पुष्कळदा अंडं असतं, सॉर्बेत (फळांच्या रसाच्या बर्फात) बहुधा नसतं, तरी खात्री करून घ्या.

मांडवीकर:
फार उपयोगी. मला डोव्हर सोल खायचा आहे. तो काट्यासकट येतो म्हणतात, त्याचं काय करायचं?

पानवाढप:
आपल्याकडच्या लेप माशाचा दांडगा भाऊ समजा. ‘ऑन द बोन’ घ्या, काट्यावर शिजलेला जास्त रसाळ राहतो. वेटरला सांगितलं तर तो टेबलाशीच काटा काढून देतो. स्वतः करायचं असेल तर दोन्ही कडांची परांची झालर आधी सुरीने बाजूला सारा, बारीक काटे त्यातच असतात. मग मधल्या रेषेवर डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरी टेकवत न्या आणि मांस मधून बाहेरच्या बाजूला ढकला. दोन लांब तुकडे सुटतील. आता शेपटीकडून कणा उचला, अख्खा वर येतो. खाली आणखी दोन तुकडे तयार. कणा मांसाला चिकटून राहिला तर मासा अजून शिजायचा आहे, परत पाठवा. किमतीच्या जागी वजनाचा दर किंवा ‘मार्केट प्राइस’ लिहिलं असेल तर मागवण्याआधी आकडा विचारा, तिथे कुणी वाईट मानत नाही.

सुरी बोथट, रुंद पात्याची दिसेल. व्हिक्टोरियन काळात साध्या पोलादाला लिंबू लागलं की माशाला लोखंडी चव यायची, म्हणून चांदीचा मुलामा दिलेल्या वेगळ्या सुऱ्या निघाल्या. गंजरोधक पोलाद शेफील्डमध्ये १९१३ ला आलं, सुरी मात्र टेबलावर राहिली.

हिशोब_चोख:
सर्कल बारमध्ये काउंटरवर जाऊन मागवायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. जेवणाच्या भागात वेटर येतो, बिल शेवटी. वाइन १२५, १७५ किंवा २५० मिलीच्या मापात मिळते. नुसतं ‘एक ग्लास’ म्हटलंत तर मोठं माप येऊ शकतं, तेव्हा १२५ सांगा. व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिली, बिअरचा पिंट ५६८. कालवांबरोबर कोरडी पांढरी वाइन, म्हणजे मस्कडे किंवा शाब्ली, नाहीतर अर्धा पिंट स्टाउट, म्हणजे काळी बिअर. नळाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, बाटलीचं बिलात येतं.

मुलाने पासपोर्ट जवळ ठेवावा. कायदेशीर वय १८ असलं तरी पंचविशीच्या आतला दिसणाऱ्याला ओळखपत्र विचारतात, आणि नसलं तर पेय देत नाहीत. कुणी भाड्याची गाडी चालवणार असेल तर त्याने अजिबात घेऊ नये, स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिली रक्तात ५० मिलीग्रॅम, तिकडे ८०.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ची ओळ आहे का ते आधी पाहा. असेल तर वर आणखी काही ठेवायची गरज नाही, नसेल तर १० टक्के पुरे. ती रक्कम ऐच्छिक असते, सेवा वाईट मिळाली तर काढून टाका म्हणता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ती सगळी कर्मचाऱ्यांनाच द्यावी असा कायदा आहे, त्यामुळे सेवा चांगली असेल तर निःशंक द्या. कार्डाने देताना मशीन पौंड की रुपये विचारेल. पौंडच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.