लो सोडियम मीठ सुरू करण्याआधी
ताई, सासऱ्यांचं क्रिएटिनिन (रक्तातला घटक, किडनी नीट काम करत नसली की वाढतो) वाढलं म्हणून तुम्ही लो सोडियम मीठ आणलंत असं लिहिलंय, प्लीज ते आधी डॉक्टरांना दाखवा, कारण त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं आणि किडनी कमजोर असली की पोटॅशियम रक्तात साठतं, मग हृदयाचे ठोके बिघडू शकतात. माझ्या आईला किडनीचा आजार आहे, स्टेज ४, म्हणजे बराच पुढे गेलेला. तिला साधंच मीठ देतो पण मोजून, पापड-लोणचं बंद, बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर, म्हणून ते तर नाहीच, भेटायला येणारे प्रेमाने आणतात, नको म्हणताना जिवावर येतं पण मी म्हणतेच. आणि हो, गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणून मनाने देऊ नका, त्यांनी किडनी अजून बिघडू शकते.